मिलादच्या नावचं खोकं

"ते गेलं," फैतूरी म्हणाला आणि त्याने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

नज्मियाला क्षणभर कळेचना. दुकानात तिच्यामागे काही पुरुष उभे होते. हा त्यांच्यापैकी कुणाशी तरी बोलत असेल असं तिला वाटलं.

"काय गेलं?"

"तुमचं पार्सल. काल दुपारी."

"मी तर आत्ता येतेय. नेलं कुणी?"

"हाजी आशूरनं. मिलादच्या भावानं." फैतूरीने मान वर केली. आपलं काही चुकलं असा भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हताच. उलट एक काम हातावेगळं केल्याचं समाधान होतं. "मीच फोन करून बोलावलं त्याला. म्हटलं, तुम्हाला उगाच खेप नको."

नज्मियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते खोकं तिने मागवलं होतं. दुकान चीनमधलं, ते लिबियात माल पाठवत नव्हतं, आणि इथल्या बँकेच्या कार्डाला तिकडे कुणी विचारत नव्हतं. अशा वेळी या घरयान गावची माणसं जे करतात तेच तिनेही केलं. फैतूरीच्या हातावर दिनार ठेवले, फैतूरीने आपल्या परदेशी कार्डावरून पैसे भरले, आणि माल पाठवायचा पत्ता दिला तो चीनमधल्याच एका गोदामाचा. तिथे फैतूरीच्या दुकानासाठी एक कप्पा राखलेला होता. गावाची सगळी खोकी आधी त्या कप्प्यात गोळा होत, मग एकत्र विमानाने त्रिपोलीला येत, आणि तिथून टेम्पोने डोंगर चढून या दुकानात. गोदामातून तिला फोटोही आला होता: वजनकाट्यावर ठेवलेलं खोकं आणि ते सावरणारा, हातमोजा घातलेला कुणाचा तरी हात. तो फोटो ती रोज एकदा तरी उघडून पाहायची.

खोक्यात भिंगं होती. मोबाइलच्या डोळ्यावर चिमट्याने बसवायची.

नज्मिया लग्नांत फोटो काढायची, बायकांच्या हॉलमध्ये. तिथे दाराशीच प्रत्येकीचा फोन काढून घेतात आणि कापडी पिशवीत घालून वर चिठ्ठी बांधतात. आत बायका डोकी उघडी टाकून, केस मोकळे सोडून नाचतात. त्यातला एक जरी फोटो बाहेरच्या पुरुषाच्या हाती पडला, तर दोन घरांत कायमचं वितुष्ट यायचं. आत चालतो तो फक्त नवरीचा फोन. म्हणून फोटो काढणारी बाई कॅमेरा आणत नाही. तिने नवरीच्या फोनवर काढायचं आणि जाताना तो फोन नवरीच्या आईच्या हाती द्यायचा. नज्मियाची सगळी साधनं चष्म्याच्या डबीत मावत. मेंदीची खोली अरुंद असते. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी नवरी, तिच्या अंगावरचं सोनं आणि भोवतीच्या आत्या-मावश्या एका चौकटीत येत नाहीत. त्यासाठी रुंद भिंग. मेंदीची बारीक नक्षी टिपायला दुसरं. आणि स्टेजवर बसलेल्या नवरीचे डोळे दुरून, तिला कळू न देता टिपायला नळीसारखं लांब तिसरं.

जुन्या भिंगांचा चिमटा फोनच्या कडेला बसायचा. पूर्वी ते चालत होतं. आता फोनांना एकाच्या जागी तीन-तीन डोळे आले आणि कामाचा डोळा आत सरकला. चिमटा तिथवर पोचेना. मागच्या एका लग्नात तिने भिंग बोटांनी दाबून धरून फोटो काढले. निम्म्या फोटोंचे कोपरे काळे आले. नवरीची आई तेव्हा काही बोलली नाही. पण तिच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा नज्मियाला बोलावणं आलं नाही.

आणि या गुरुवारी सुंदुसचं लग्न होतं. सुंदुसचा फोन तीन डोळ्यांचा. तिची आई फौझिया नज्मियाला म्हणाली होती, "मला तूच हवीस गं. पण त्रिपोलीत कुणी कॅमेरावाली आहे, तिचं नाव माझी नणंद रोज माझ्या कानाशी लावते. ती म्हणे कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून हातात देते. तू मला मंगळवारपर्यंत तुझी भिंगं सुंदुसच्या फोनवर बसलेली दाखव, म्हणजे मी नणंदेचं तोंड बंद करते." अर्धं गाव त्या लग्नाला असणार होतं. कॅमेरावाली तिथे एकदा आत शिरली की नज्मियाच्या डबीकडे पुन्हा कुणी वळून पाहणार नव्हतं.

आज सोमवार होता.

"माझं पार्सल तू दुसऱ्याला दिलंसच कसं?" तिने विचारलं.

"दुसऱ्याला?" फैतूरी दुखावला. "वर नाव कुणाचं आहे? मिलाद खलीफाचं. या वेळी आत दुर्बिणीसारखी नळी आहे, वहिनी. कस्टमवाल्यांनी अडवून धरलं होतं. म्हणाले, बंदुकीवर लावायची आहे. मी हातापाया पडून सोडवलं. पण त्यांची अट आहे. ज्याचं नाव, त्यानेच ओळखपत्र दाखवून सही करायची."

"मिलाद मेलाय."

"अल्लाह त्याला जन्नत देवो."

"चार वर्षं झाली त्याला."

"मला सांगता? मी खांदा दिलाय." फैतूरीने समजुतीच्या सुरात हात पसरले. "तेच तर म्हणतोय. तो काही येऊ शकत नाही. मग रक्ताचा माणूस लागतो. म्हणून हाजी आशूर."

"आणि मी कोण?"

"तुम्ही मिलादच्या घरच्या."

"ते नाव त्या खोक्यावर तू घातलंस. मी पहिल्यांदा आले तेव्हा मिलाद जाऊन दोन वर्षं झाली होती. मला विचारायचं होतंस माझं नाव."

"चारचौघांत बाईमाणसाला नाव विचारू?" फैतूरीने मागे उभ्या असलेल्या पुरुषांकडे साक्षीला पाहिलं. "माझ्या आईनं मला तसं नाही वाढवलं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर दुकान चालव, असं वाढवलंय का?"

त्या पहिल्या दिवशी फैतूरीने तिला खरंच काही विचारलं नव्हतं. शेजारच्या गॅसच्या टाक्या विकणाऱ्याला विचारलं होतं, "ही कुणाच्या घरची?" तो म्हणाला होता, "मिलादच्या." झालं. खोकी मांडणीवर पडून राहतात, येणारा-जाणारा वाचतो; बाईचं नाव तिथे उघड्यावर कसं ठेवायचं? फैतूरी नवऱ्याचं लिही, बापाचं लिही, नाहीच कुणी तर पाळण्यातल्या पोराचं लिही. नज्मियाने मिलादचं नाव तेव्हा पाहिलं होतं आणि ती गप्प बसली होती. टेम्पो आला की फैतूरी दारात उभा राहून मोठ्याने नावं पुकारायचा. "मिलाद खलीफा!" अशी हाक आली की नज्मिया पुढे व्हायची, पुडकं घ्यायची आणि निघायची. आजवर त्यात काही अडलं नव्हतं.

"जाऊ द्या ना, बाई," मागचा एक जाडा गृहस्थ म्हणाला. "दिराकडेच आहे. परक्याकडे थोडंच गेलंय?"

नज्मिया त्याच्याकडे वळली. "तुमचा फोन द्या."

"अं?"

"द्या ना. तुमच्या भावाकडे देऊन येते. परक्याकडे थोडाच जाणार आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. जाड्या गृहस्थाने हात खिशावर ठेवला. नज्मिया दार आपटून बाहेर पडली.

आशूरच्या घराकडे गाडी चालवताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: घरातच आहे ना. मिलाद गेल्यावर त्याची गाडी आशूरने नेली, तेव्हा तो हेच म्हणाला होता. "तू कुठे चालवणार? घरातच आहे ना." मग मिलादची शिकारीची बंदूक नेली. मग पाण्याचा पंप. प्रत्येक वेळी तोच शांत आवाज, तेच शब्द. ही जुनी गाडी नज्मियाने भिंगांच्या जोरावर घेतली होती आणि चालवायलाही ती मागाहूनच शिकली. रस्त्याकडेला मडकी आणि रांजण मांडून बसलेला एक म्हातारा तिला ओळखून हात करत होता. तिने पाहिलं नाही.

वाटेत फौझियाचा फोन आला. तिने तो वाजू दिला.

आशूर फाटकाशी ऑलिव्हच्या झाडाला पाणी घालत होता. उंच, सावकाश माणूस. तिला पाहून त्याने नळी खाली ठेवली.

"भाऊजी, माझं खोकं."

"आधी सलाम तरी कर."

"अस्सलामु अलैकुम. माझं खोकं."

"आत तर ये. चहा..."

"चहा नको. तुम्ही गाडी नेलीत, मी बोलले नाही. बंदूक नेलीत, बोलले नाही. पंप नेलात, तेव्हा मी उन्हाळाभर बादल्या वाहिल्या, तरी बोलले नाही. आता माझी भिंगंही लागायला लागली का तुम्हाला?"

"मला काय करायचीत तुझी भिंगं?" आशूर खरोखर चकित झाला होता. "मला या चष्म्यातून धड दिसत नाही. खोकं माझ्याकडे नाहीच."

"मग कुठे आहे?"

त्याने घराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आईकडे. मी आणलं, टेबलावर ठेवलं. संध्याकाळी तुझ्याकडे पाठवणार होतो, देवाशपथ. तिने विचारलं, काय आहे? मी म्हणालो, मिलादच्या नावचं पार्सल आलंय. एवढंच. तिने हात पुढे केला. तेव्हापासून मांडीवर घेऊन बसलीये. झोपताना उशाशी घेते. मी मागितलं तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"मिलादच्या नावचं म्हणून सांगितलंत तुम्ही तिला?"

"मग काय सांगू? तेच लिहिलंय."

"नज्मियाचं आहे म्हणायचं होतं!"

आशूरने पटकन रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "हळू बोल," तो म्हणाला. "मला वाटतं, तिला वाटतंय त्यानंच पाठवलंय. ट्युनिसहून. तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं ना."

ते खरं होतं. मिलाद ट्युनिसच्या इस्पितळात वारला. त्याला आणलं तेव्हा पेटी बंद होती, आणि त्याची आई तापाने पडून होती. नज्मियाचा राग तेवढ्यापुरता अडखळला. आशूरच्या अंगावर ओरडता येत होतं. पण म्हातारीच्या मांडीवरून मेलेल्या मुलाचं खोकं कसं ओढून घ्यायचं? आणि नाही घेतलं तर उद्या फौझियाला काय दाखवायचं? मग या अडचणीचाच तिला संताप आला. एका माणसाने आईच्या संस्कारांपायी एक नाव विचारलं नाही, आणि आता तिला एका म्हातारीचं काळीज फोडावं लागणार होतं.

तिची सासू हाज्जा मसऊदा खोलीत गादीवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर खोकं. एक हात त्यावर, दुसऱ्या हातात जपमाळ.

"आई," नज्मिया शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "कशा आहात? जेवलात का?"

"दार लाव."

तिने दार लावलं आणि समोर बसली. "आई, ते खोकं आहे ना..."

"तूही आता असंच बोलणार का?" म्हातारीचा आवाज फाटक्या कापडासारखा होता, पण त्यात धार होती. "आशूर कालपासून माझ्याशी असा बोलतोय, जशी काही मी पाळण्यात आहे. 'आई, दे ना. आई, तो आता नाहीये ना.' मला माहीत नाही तो नाहीये ते? दर ईदला त्याच्या कबरीवर पाणी कोण घालतं? मी म्हातारी झालेय, खुळी नाही."

नज्मिया थोडी पुढे सरकून बसली.

"हे कुणाचं आहे?" हाज्जाने खोक्यावर टिचकी मारली.

"माझं."

"मग याच्यावर माझ्या मुलाचं नाव काय करतंय?"

नज्मियाने सांगितलं. फैतूरीने नाव कसं घातलं, पहिली पुडकी कशी आली, या वेळी कस्टमवाल्यांनी ओळखपत्र कसं मागितलं. म्हातारीची जपमाळेवरची बोटं थांबली.

"म्हणजे तो माणूस दारात उभा राहून पुकारतो. मोठ्यानं."

"हो."

"भर बाजारात माझ्या मेलेल्या मुलाला हाका मारतो."

"हो, आई."

"आणि तू ओ देतेस."

नज्मियाच्या तोंडावर कुणी पाणी मारावं तसं झालं. दोन वर्षं ती त्या हाकेला पुढे होत आली होती. एकदाही तिच्या मनात हे आलं नव्हतं.

"मग काय करू?" ती उसळली. मऊ आवाज संपला. "तो विचारतच नाही! कुणीच विचारत नाही. मी या गावात जन्मले, इथेच शिकले, इथल्या निम्म्या पोरींच्या लग्नांचे फोटो मी काढलेत, आणि त्या दुकानात मी म्हणजे मिलादच्या घरची. तुम्हीसुद्धा मला 'ए मिलादची' म्हणूनच हाक मारायचात."

"मारायचे. तेव्हा मिलाद होता." हाज्जाने खोकं मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवलं. "तो विचारत नाही तर नाही. तुला तोंड नाही? माझ्याशी भांडताना तर पट्टा चालायचा तुझा. चुलीपासून दारापर्यंत ऐकू यायचं."

"तुम्ही तरी का धरून बसलात कालपासून?"

"आशूर म्हणाला, सरकारचा नियम आहे. म्हटलं, जे सरकार मेलेल्या माणसाला सहीला बोलावतं, ते पुढे काय करतं बघू तरी. कोण येतं बघू न्यायला." तिने नाक पुसलं. "उघड. काय मागवलंस ते दाखव."

नज्मियाने किल्लीने टेप फाडली. काळ्या डबीत भिंगं शाबूत होती, स्पंजात रुतून बसलेली. नवा चिमटा फिरणारा होता. फोनच्या मधोमधही पोचणार होता. तिने नक्षीचं भिंग फोनवर चढवलं आणि म्हातारीच्या हातावर धरलं. पडद्यावर कातडीच्या घड्या एखाद्या डोंगररांगेसारख्या उभ्या राहिल्या.

हाज्जाने एकदाच वाकून पाहिलं. "बंद कर. एवढं जवळून कुणी बघायचं नसतं."

मग तिने रिकामं खोकं पुढे ओढलं आणि वरची नावाची चिठ्ठी नखाने सोडवायला सुरुवात केली. चिठ्ठी घट्ट होती. नज्मिया मदतीला पुढे झाली, तर म्हातारीने तिचा हात झटकला. सगळी चिठ्ठी निघेपर्यंत ती थांबली नाही. मग तिने ती घडी करून झग्याच्या आत ठेवली.

"गाडी आणलीस ना? चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्याच्या दुकानात."

फाटकाशी आशूर आडवा आला. "आई, या वयात बाजारात? लोक काय म्हणतील?"

"तू बाजूला हो," हाज्जा म्हणाली. "आणि तिचा पंप काढून ठेव. संध्याकाळी ती न्यायला येईल."

ते दोघंही तिच्याकडे बघत राहिले. बाहेरचं सगळं तिला खिडकीतून ऐकू येतं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज नुकतीच संपली होती आणि टेम्पो येऊन गेला होता, त्यामुळे दुकान माणसांनी भरलं होतं. फैतूरी दारात उभा राहून नावं पुकारत होता. हाज्जाला काठी टेकत येताना पाहून त्याने हातातलं पुडकं खाली ठेवलं.

"या हाज्जा, या! अरे, खुर्ची द्या कुणीतरी."

"बसायला नाही आले. तू पुकारत होतास ना? पुकार."

"कुणाला?"

"मिलाद खलीफाला. नेहमी पुकारतोस म्हणे. मी त्याची आई. आज माझ्यासमोर पुकार." ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "बघू, ओ देतो का."

कुणीतरी चिकटपट्टी ओढत होतं, ते तसंच राहिलं.

फैतूरीने खाली ठेवलेलं पुडकं पुन्हा उचललं. "हाज्जा, मी तर... मी इज्जत राखायला..."

"कुणाची?"

"वहिनींची."

"तिची इज्जत राखायला माझ्या पोराला कबरीतून उठवतोस? तुझा बाप मेलाय ना? त्याच्या नावाने पुकार की. तुझ्या आईचं पार्सल येतं तेव्हा काय पुकारतोस?"

"हाज्जा, देवासाठी..."

"पुकार म्हणतेय ना मी!"

तिचा आवाज समोरच्या भाजीच्या गाड्यापर्यंत गेला असावा, कारण तिथली दोन माणसं रस्ता ओलांडून आली. सकाळचा जाडा गृहस्थ मांडणीमागे सरकला होता. फैतूरी घामाघूम झाला. त्याने नज्मियाकडे पाहिलं, जणू तिनेच आता त्याला यातून सोडवावं.

"माफ करा," तो म्हणाला. "चुकलं. काय लिहू?"

"मला काय विचारतोस? ती आहे ना समोर. तिला विचार."

फैतूरीने घसा साफ केला. भर दुकानात एका बाईकडे बघत त्याला ते शब्द म्हणायचे होते. "आपलं... नाव?"

नज्मियाला वाटलं होतं, आपण ओरडू. दिवसभर ती ओरडतच होती. पण आता आवाज आला तो अगदी सरळ आणि थंड.

"नज्मिया. बापाचं नाव सालिम. आडनाव कुवैदर. ओळखपत्र हे घे. यापुढे माझ्या प्रत्येक खोक्यावर हेच नाव, आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही. दिराच्या नाही, भावाच्या नाही. आणि टेम्पो आला की हेच पुकारायचं."

"हे... पुकारायचं?"

"मोठ्याने. तिला कमी ऐकू येतं," ती हाज्जाकडे बोट दाखवून म्हणाली.

"काही कमी ऐकू येत नाही मला," हाज्जा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवा चिमटा सुंदुसच्या फोनवर बसला. फौझियाने पडद्यावर स्वतःची बैठकीची खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला. तरी नणंदेने ऐकलं नाही. गुरुवारी तिने कॅमेरावालीला पाहुणी म्हणून आणलंच. हॉलच्या दाराशी बसलेल्या बाईने तिचा कॅमेरा काढून घेतला आणि कापडी पिशवीत टाकून वर चिठ्ठी बांधली. कॅमेरावालीने हुज्जत घालून पाहिली. मग बाकीच्या बायकांसारखी आत जाऊन नाचली. नज्मियाने लांब नळीतून सुंदुसचे डोळे टिपले, गाणाऱ्या बायकांनी ढोलकीवर थाप मारली त्या क्षणी भरून आलेले, आणि फोन फौझियाच्या हाती ठेवून घरी गेली.

पुढे बरेच दिवस काही मागवायचं नव्हतं. मग तिने एक छोटा दिवा मागवला, मेंदीच्या अंधाऱ्या खोल्यांसाठी. टेम्पो आला त्या दुपारी ती बाजारातच होती. फैतूरी दारात उभा राहून पुकारत होता. ती भाजीच्या गाड्याशी थांबून ऐकत राहिली. एकेक नाव आलं, एकेक जण पुढे झाला. यादी संपली. तिचं नाव आलं नाही.

ती आत गेली. "माझं आलं नाही?"

"आलंय की, वहिनी. तिकडे." फैतूरीने न बघता हात केला.

मांडणीच्या खालच्या फळीवर, कोपऱ्यात, तिचं खोकं होतं. त्याची नावाची बाजू भिंतीकडे वळवलेली होती. वर एक रिकामी गोणीही टाकली होती.

तिने गोणी काढली. खोकं उचललं, वरच्या फळीवर, दारातून शिरताच नजर पडेल असं ठेवलं आणि नाव समोर केलं. नज्मिया सालिम कुवैदर. जाड काळ्या अक्षरांत.

"घेऊन जा ना," फैतूरी घाईघाईने म्हणाला. "सही पण नको. घेऊन जा."

"आत्ता नाही. भाजी घ्यायचीय, मग आईंकडे जायचंय. असर झाल्यावर येईन."

"तोवर इथे? वहिनी, लोक येतात-जातात..."

"येऊ देत. वाचता येतं त्यांना," नज्मिया म्हणाली आणि दार सताड उघडं टाकून निघाली.